कुत्र्याला रस्ता शिकवायचाय? आधी कड शिकवा

रस्त्यावरची कुत्री बघून आपला एक गैरसमज होतो. पुण्यात कर्वे रोडला एखादं भटकं कुत्रं दुभाजकापाशी थांबतं, बस जाऊ देतं, मग निवांत पलीकडे जातं आणि आपण कौतुकाने म्हणतो की याला माणसांपेक्षा जास्त अक्कल आहे. असेलही. पण आपल्याला दिसतंय ते वाचलेलं कुत्रं आहे, त्याच्यासोबत जन्मलेल्या पिल्लांमधली किती उरली ते त्या कोपऱ्यावरच्या चहावाल्याला विचारा. त्यामुळे घरातल्या कुत्र्याला हे बघून बघून आपोआप येईल, किंवा काही जुनी माणसं म्हणतात तसं "एकदा गाडीचा दणका बसला की शिकेल", हे दोन्ही डोक्यातून काढून टाका. दणका बसलेलं कुत्रं जगलं तरी शिकतं ते भलतंच, त्या कोपऱ्याला घाबरतं, रिक्षाच्या आवाजाला घाबरतं, नाहीतर त्या वेळी शेजारी उभ्या असलेल्या लहान मुलाला घाबरतं. गाडीपासून लांब राहायचं हे काही त्यातून शिकत नाही.

खरं सांगायचं तर ट्रॅफिक ही गोष्ट कुत्र्याच्या आवाक्यातली नाहीये. 50 च्या स्पीडने येणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ 14 मीटर पुढे येते आणि ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत तो सेकंद संपलेला असतो, हा हिशोब आपल्यालाच धड जमत नाही तर त्याला कुठून जमणार. सिग्नलचा उपयोग शून्य, कारण कुत्र्याला निळा आणि पिवळा बऱ्यापैकी दिसतो पण लाल-हिरव्यातला फरक जवळपास कळत नाही. अंध लोकांना घेऊन जाणारे जे गाइड डॉग असतात ना, ते सुद्धा सिग्नल बघून रस्ता ओलांडत नाहीत, कधी निघायचं ते माणूस ट्रॅफिकचा आवाज ऐकून ठरवतो, कुत्र्याचं काम म्हणजे कडेला थांबणं आणि समोर गाडी आली तर मालकाने सांगितलं तरी पाऊल न टाकणं. आता एवढं निवडून, इतका काळ ट्रेनिंग दिलेल्या कुत्र्याकडूनही जर लोक सिग्नल वाचायची अपेक्षा करत नाहीत तर आपल्या सोसायटीतल्या लॅब्रेडॉरकडून काय करायची.

पण कड मात्र कुत्र्याला मस्त कळते. इथपर्यंत आपलं, इथून पुढे नाही, हे त्यांच्या डोक्यात मुळातच असतं, प्रत्येक खांबावर सह्या करत फिरणारा प्राणी आहे तो. त्यामुळे सगळी मेहनत एकाच गोष्टीवर करायची: सुरक्षित जागा जिथे संपते ती रेघ आली की थांबायचं आणि आपण सांगेपर्यंत हलायचं नाही. बाकी सगळं त्याच्याभोवतीचं.

सुरुवात रस्त्यावर करायची नाही, घराच्या दारात करायची. मी जितके किस्से ऐकलेत त्यातले निम्म्याहून जास्त असे आहेत की फिरायला नेलेलं कुत्रं नाही, तर घरातून सटकलेलं कुत्रं गाडीखाली आलं. कुरिअरवाला आला, दार अर्धं उघडलं, पायातून निघून गेलं. बंगला असेल तर फाटक, सोसायटी असेल तर लिफ्ट आणि मेन गेट. तर दाराचा उंबरा ही पहिली कड. पट्टा लावलेला असू दे. दारावर हात ठेवा, कुत्रं पुढे घुसलं की दार बंद (नाकावर आपटू नका, हळू), थांबलं की परत उघडायला घ्या. बोलायचं काही नाही. दार थोडं उघडं आणि कुत्रं मागे, अशी स्थिती आली की लगेच खाऊ, आणि खाऊ द्यायचा तो उंबऱ्याच्या आतल्या बाजूला, म्हणजे बाहेर जाण्यापेक्षा आत थांबण्यात मजा आहे हे त्याच्या पोटाला कळतं. मग "चल" म्हणून बाहेर. हा "चल" शब्द फार महत्त्वाचा आहे, कारण बहुतेक लोक थांबायला शिकवतात पण थांबणं संपलं कधी ते सांगतच नाहीत, मग कुत्रं आपलं आपण ठरवतं.

आणि शब्द एकच ठरवा. आपल्या घरांमध्ये काय होतं, बाबा "स्टे" म्हणतात, आई "थांब", आजी म्हणतात "अरे थांब ना रे बाळा किती तो उतावीळपणा" आणि मुलगा नुसतंच "ए". कुत्र्याने कोणाचं ऐकायचं. थांब म्हणजे थांब, चल म्हणजे चल, कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा, आणि कामाच्या मावशींना पण सांगा, दार सगळ्यात जास्त वेळा त्याच उघडतात.

शब्दासोबत पहिल्या दिवसापासून हाताची खूणही ठेवा. थांबसाठी उघडा तळहात त्याच्या नाकासमोर, बस. याचं कारण असं की सिंहगड रोडला संध्याकाळी सातला तुमचा आवाज तुम्हालाच ऐकू येत नाही, हॉर्न, बस, वरातीचा बँड, कुत्रं ऐकत नाही असं वाटतं पण त्याला आवाजातून आवाज वेगळा करता येत नसतो. शिवाय म्हातारपणी कान गेले की तीच खूण कामाला येते.

दार आणि गेट जमलं, म्हणजे मी काही न बोलता दार उघडलं तरी कुत्रं स्वतःहून थांबून माझ्याकडे बघतंय इतकं जमलं, की मग रस्त्याची कड. इथे आपल्याकडे एक गोची आहे. बाहेरच्या ट्रेनिंगच्या व्हिडिओत कसं, छान उंच फुटपाथ, त्याला स्वच्छ काठ, कुत्रं तिथे येऊन बसतं. आपल्याकडे फुटपाथ मध्येच संपतो, त्याच्यावर विजेची डीपी असते, भेळेची गाडी असते, आणि गल्लीत तर फुटपाथ हा प्रकारच नाही. म्हणून तुमच्या रोजच्या रस्त्यावर फिरून कडा शोधा. पेव्हर ब्लॉक संपून डांबर सुरू होतं ती रेघ चांगली, पायाला फरक जाणवतो. गटारावरच्या झाकणांची ओळ चालते. सोसायटीच्या गेटची लोखंडी पट्टी चालते. काहीच नसेल तर पार्क केलेल्या गाड्यांची ओळ संपते तिथे थांबायचं. जागा ठरल्या की त्या बदलू नका, आणि प्रत्येक वेळी, म्हणजे रात्री साडेअकराला रस्ता पूर्ण रिकामा असेल, जोरात लागलेली असेल, पाऊस असेल तरी सुद्धा, त्या जागी थांबायचंच. कुत्र्याला "रिकामा रस्ता" आणि "भरलेला रस्ता" असा फरक नको आहे आपल्याला, त्याच्यासाठी कड म्हणजे कड.

करायचं कसं तर कडेच्या दोन पावलं अलीकडे तुमचा वेग कमी करा, कडेला तुम्ही थांबा, तळहात दाखवा. पट्टा ओढून थांबवू नका, पट्ट्याने थांबवलेलं कुत्रं पट्टा असेपर्यंतच थांबतं. थांबलं की खाऊ. तीन-चार सेकंद, परत खाऊ. तुमच्याकडे बघितलं की "चल". सुरुवातीला प्रत्येक कडेला खाऊ द्या, कंजूषपणा करू नका, नंतर कधी दिला कधी नाही असं करा. बसायलाच पाहिजे असा हट्ट धरू नका. ट्रेनर लोकांना कडेला बसलेलं कुत्रं आवडतं, दिसतं पण छान, पण जुलैमध्ये चिखलात किंवा एप्रिलमध्ये तापलेल्या डांबरावर बूड टेकायला कुठलंच कुत्रं तयार होणार नाही, आणि मग तिथे भांडण सुरू होतं आणि सगळा मुद्दाच हरवतो. चारही पाय जमिनीवर आणि पट्टा सैल, एवढं पुरे.

खाऊचं म्हणाल तर घरातलंच, उकडलेलं चिकन बोटाच्या नखाएवढे तुकडे, पनीर, उकडलेलं अंडं. रस्त्यावर बिस्किटाचा काही उपयोग नाही, समोर मटणाच्या दुकानाचा वास असताना मारी बिस्किटाला कोण विचारतंय. मनुका, बेदाणे, चॉकलेट, कांदा घातलेलं काहीही द्यायचं नाही, हे कुत्र्यांना विषारी आहे, प्रसादातले बेदाणे प्रेमाने भरवणारे लोक अजून भेटतात म्हणून सांगतेय. रोज पाच-पाच मिनिटं दोन-तीनदा, बास. रविवारी एकदम तासभर क्लास घेऊन काही होत नाही.

हे आठ-दहा दिवसांत थोडं दिसायला लागतं, पक्कं व्हायला महिने लागतात. मध्ये परीक्षा घ्यायची. शांत गल्ली निवडा, रविवारी पहाटे, पाच-सात मीटरची नायलॉनची दोरी हार्नेसला (छातीभोवती बांधायच्या पट्ट्याला) बांधा आणि दुसरं टोक घरातल्या दुसऱ्या माणसाच्या हातात घट्ट द्या. कुत्रं कडेला थांबलंय, तुम्ही एकटे कड ओलांडून पलीकडे एक पाऊल जा. आलं मागे? काही बोलू नका, परत जागेवर आणा. नाही आलं? परत येऊन खाऊ द्या. इथे पलीकडून "ये" म्हणून बोलवायचं नाही, तुम्हीच परत यायचं, हे नीट लक्षात ठेवा, पुढे त्याचं कारण येतंय. मग कडेपलीकडे बॉल टाका, मग ओळखीच्या माणसाला पलीकडून जाऊ द्या, मग ओळखीच्या कुत्र्याला, आणि सगळ्यात शेवटी मांजर, पण मांजर आपण सांगून येत नाही. दोरी लांब असल्याने हा सराव फक्त जिथे गाड्या अजिबात नाहीत अशा ठिकाणीच.

आता पट्ट्याबद्दल, कारण इथे लोक पैसे चुकीच्या ठिकाणी घालतात. तो गुंडाळला जाणारा बटणवाला पाच मीटरचा पट्टा असतो ना, तो शहरात रस्त्याच्या कडेला वापरूच नका. बटण दाबायला उशीर झाला की कुत्रं रस्त्याच्या मधोमध, बारीक दोरी हातात धरली तर बोटं कापतात, आणि हातातून सुटला की तो प्लास्टिकचा डबा खडखड करत कुत्र्याच्या मागे धावतो आणि कुत्रं त्याला घाबरून अजून जोरात पळतं. साधा दीड मीटरचा जाड पट्टा घ्या. आपली देशी कुत्री मान जाड आणि डोकं निमुळतं अशी असतात, मागे सरकून एक झटका दिला की गळपट्टा कानावरून निघून येतो, त्यामुळे त्यांना छातीवर इंग्रजी वाय आकाराचा हार्नेस, आणि शिवाय गळपट्टा, आणि दोघांना जोडणारी एक छोटी कडी, म्हणजे एकातून निघालं तरी दुसऱ्यात अडकलेलं राहील. दोन बोटं आत जातील इतका घट्ट. दर महिन्याला हुक बघत जा, पावसात गंजतात आणि नेमके नको तेव्हा तुटतात. गळ्यात फोन नंबर कोरलेला बिल्ला, तो शंभर रुपयांचा बिल्ला कुठल्याही ॲपपेक्षा लवकर कुत्रं घरी आणतो. मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची ओळखीची चिप) करा, पण ती वाचायला स्कॅनर लागतो आणि कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडे स्कॅनर नसतो.

चालताना बाजू कोणती? सगळीकडे शिकवतात कुत्रं डावीकडे. आपल्याकडे फुटपाथ नसेल तर पायी माणसाने रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल असं चालायचं असतं, आणि तसं चाललात तर तुमच्या डाव्या हाताला गाड्या येतात, म्हणजे पुस्तकातल्याप्रमाणे कुत्रं डावीकडे ठेवलं तर तुम्ही आणि गाडी यांच्या मध्ये कुत्रं! म्हणून दोन्ही बाजूंनी चालायची सवय लावा आणि ज्या बाजूला भिंत, त्या बाजूला कुत्रं. गर्दीत पट्टा हातावर एकदा गुंडाळून छोटा करा, मनगटाला फास मात्र घालू नका, मोठ्या कुत्र्याने ओढलं तर तुम्ही पण रस्त्यावर.

ओलांडताना सरळ रेषेत, एका चालीने, न पळता. पळायला लागलं की कुत्र्याला तो खेळ वाटतो आणि मध्येच उडी मारून पट्टा तोंडात धरतं. आधी उजवीकडून येणाऱ्या गाड्या, दुभाजकानंतर डावीकडच्या, आणि राँग साइडने येणारे महाभाग दोन्हीकडून, त्यांच्यासाठी कुठलाच नियम लिहून उपयोग नाही, दुभाजकापाशी सुद्धा परत एकदा थांबायचं आणि दोन्हीकडे बघायचं इतकंच. रस्त्याच्या मध्ये कुत्रं वास घ्यायला थांबलं तर ओरडू नका, हातातला खाऊ नाकाला लावून पुढे न्या, रागवायचं असेल तर घरी जाऊन सुद्धा रागवू नका कारण त्याला काही कळणार नाही. इलेक्ट्रिक स्कूटर आल्यापासून आवाजावर विश्वास ठेवायचे दिवस गेले, मान वळवून बघायचंच.

ज्यांच्याकडे पिल्लू आहे त्यांनी ट्रॅफिकची ओळख लवकर करून द्या. साधारण 3 ते 14 आठवडे या वयात जे बघितलं ऐकलं ते पिल्लाला पुढे नॉर्मल वाटतं. आता गोची अशी की लसी पूर्ण होतात साधारण 16 आठवड्यांना, तोपर्यंत डॉक्टर सांगतात जमिनीवर सोडू नका. ठीक आहे ना, उचलून न्या. पिशवीत घाला, कडेवर घ्या, बस स्टॉपच्या बाकावर मांडीवर घेऊन बसा दहा मिनिटं आणि प्रत्येक ट्रक गेला की एक दाणा खाऊ. आजूबाजूचे लोक बघतील, बघू देत.

मोठं कुत्रं दत्तक घेतलं असेल आणि ते गाड्यांना घाबरत असेल तर मात्र घाई नको. अंतर हेच औषध. मोठ्या रस्त्यापासून इतक्या लांब उभं राहा की गाडी दिसतेय पण कुत्रं खाऊ खातंय. खाऊ नाकारला, सारखी जांभई देतंय, ओठ चाटतंय, शेपूट पोटाखाली, म्हणजे फार जवळ आलात, मागे जा. एका आठवड्यात चार पावलं पुढे सरकलात तरी खूप.

याच्या उलट प्रकार म्हणजे गाड्यांच्या मागे धावणारी कुत्री, आणि हे सोडवायला जास्त अवघड, कारण घाबरट कुत्रं निदान रस्त्यापासून लांब पळतं. कुत्र्याच्या दृष्टीने तो दर वेळी जिंकलेला असतो, मी भुंकलो, धावलो आणि बुलेट पळून गेली! दर वेळी बक्षीस मिळतंय. इथे पण अंतरापासूनच सुरू करायचं. बाइक दिसली आणि कुत्र्याचे कान उभे राहिले, अजून झेप घेतलेली नाही, त्या क्षणी त्याचं नाव, तुमच्याकडे मान वळली की चिकन. झेप घेतल्यानंतर चिकन दाखवून काही फायदा नाही. हळूहळू असं होतं की बाइक दिसली की कुत्रं स्वतःच तुमच्याकडे बघतं, हे झालं की तुम्ही अर्धं जिंकलात. बॉर्डर कोली वगैरे जी मेंढ्या वळवायला तयार केलेली जात आहे ती फ्लॅटमध्ये ठेवलीत तर हे होणारच आहे, घ्यायच्या आधी विचार करायचा होता, आता रोज दमवा त्याला.

"ये" म्हटल्यावर येणं. हे शिकवताना दोन वेगळे शब्द ठेवा. रोजचा "ये" असतोच, तो आंघोळीला, औषधाला, नखं कापायला सगळ्याला वापरून पातळ झालेला असतो. त्याशिवाय एक खास शब्द ठेवा जो फक्त जिवावर बेतलं तरच वापरायचा आणि सरावात जो ऐकल्यावर दर वेळी भरपूर, म्हणजे मूठभर, चिकन मिळतं. आमच्याकडे तो शब्द "लाडू" आहे. टेकडीवर एक बाई जीव तोडून लाडू लाडू ओरडतेय हे दृश्य विचित्र आहे पण कुत्रं जिथे असेल तिथून येतं.

आणि आता ते मघाचं कारण. कुत्रं सुटलं आणि रस्त्याच्या पलीकडे गेलं तर त्याला बोलवायचं नाही. हा नियम सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात अवघड, कारण घशातून नाव आपोआप निघतं. तुम्ही बोलवलं की ते कड-बिड विसरून सरळ तुमच्याकडे धावणार, मधल्या टेम्पोसमोरून. तळहात दाखवा, "थांब" म्हणा, आणि तुम्ही रस्ता ओलांडून त्याच्याकडे जा. म्हणूनच सरावात आपण नेहमी त्याच्याकडे परत जात होतो. कुत्रं तुमच्याच बाजूला असेल पण पुढे पळत असेल तर पाठलाग करू नका, तुम्ही धावलात की तो अजून जोरात धावतो, उलट दिशेने पळा, खाली बसा, हातातली पिशवी कुरकुरवा, ओळखीच्या गाडीचं दार उघडा, गाडीत बसायला आवडणारी कुत्री त्याला हमखास फसतात.

गाडीवरून आठवलं, गाडीचं दार ही पण एक कड आहे. गावाला जाताना एक्स्प्रेसवेच्या फूड मॉलला किंवा हायवेवरच्या ढाब्याला थांबलो, सगळ्यांनी एकदम चारही दारं उघडली आणि मागून कुत्रं उडी मारून गेलं, अनोळखी जागा, ट्रक, आणि गळ्यात काही नाही. दार उघडायच्या आधी पट्टा लावायचा, मग थांब, मग चल. ॲक्टिवाच्या पायापाशी कुत्रं उभं करून नेणाऱ्यांना काय सांगायचं, त्यांचे फोटो व्हायरल होतात आणि लाइक मिळतात, पण समोर खड्डा आला किंवा खांबाजवळचं मांजर दिसलं तर ते कुत्रं कुठे जाणार आहे याचा विचार करून बघा.

सीझनप्रमाणे काळजी बदलते. भाद्रपदात कुत्र्यांचं काय होतं ते मराठी माणसाला वेगळं सांगायला नको, एरवी शहाणा असलेला नर सुद्धा त्या दिवसांत थांब-चल सगळं विसरतो, नसबंदी करून घेतली तर हे भटकणं बरंच कमी होतं. त्याच सुमाराला ढोल-ताशे, मग दिवाळीचे फटाके. अशा दिवसांत वॉक पहाटे आणि दुपारी, अंधार पडल्यावर नाही, हार्नेस आणि गळपट्टा दोन्ही, आणि घरी बाल्कनी-दार बंद. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी प्रत्येक सोसायटीच्या ग्रुपवर हरवलेल्या कुत्र्यांचे फोटो येतात ते उगाच नाही. उन्हाळ्यात बाहेर 35 डिग्री असेल तर उन्हातलं डांबर 55-60 पर्यंत सहज तापतं, हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघा, नाही टेकवता आली तर त्याचे पंजे पण नाही टेकणार, आणि पाय भाजणारं कुत्रं कडेला थांबत नाही, ते सावलीकडे धावतं, मध्ये रस्ता असला तरी. पावसाळ्यात डबक्यातून नेऊ नका, खड्ड्यांपेक्षा विजेच्या खांबाजवळच्या पाण्यात करंट उतरण्याची भीती मोठी, आपल्या पायात चप्पल असते त्याच्या पायात काही नाही. रात्री गळ्यात चमकणारा पट्टा, काळ्या कुत्र्याला तर पाहिजेच.

दुसऱ्या गल्लीतली कुत्री अंगावर आली की आपलं कुत्रं मागे सरकत सरकत रस्त्यात जातं, हा अपघाताचा एक प्रकार कोणी लक्षातच घेत नाही. तुम्ही मध्ये उभे राहा, कुत्र्याला भिंतीकडे ठेवा, मूठभर खाऊ लांब फेका आणि आल्या वाटेने परत. रोज तीच टोळी असेल तर रस्ता बदला, त्यात कमीपणा नाही.

एवढं सगळं शिकवलं तरी रस्त्यावर पट्टा काढायचा नाही. "आमचा न बांधता चालतो बघा" असं छाती फुगवून सांगणारे काका प्रत्येक एरियात असतात. चालतही असेल, पण समोरून मांजर आलं त्या दिवसाची गोष्ट वेगळी असते.

समजा लागलंच. आधी ट्रॅफिक थांबवा, तुम्ही गाडीखाली येऊ नका. कितीही लाडकं कुत्रं असलं तरी वेदनेत चावतं, त्यामुळे ओढणीने किंवा पट्ट्याने तोंड सैलसर बांधा, पण उलटी होत असेल किंवा श्वास नीट घेत नसेल तर बांधू नका. पाय सरळ करायला जाऊ नका. चादर, फळी, गाडीतलं मॅट, जे मिळेल त्यावर सरकवून सपाट उचला, रक्त येत असेल तिथे स्वच्छ कपडा दाबून धरा, पाणी-खाणं देऊ नका कारण भूल द्यावी लागू शकते. हिरड्या बघा, गुलाबी असतील तर ठीक, पांढऱ्या पडल्या असतील तर एक मिनिट घालवू नका. क्रोसिन, कॉम्बिफ्लाम असली माणसांची गोळी चुकून सुद्धा देऊ नका. आणि उठून चालायला लागलं, शेपूट हलवतंय, "काही झालं नाही" म्हणून घरी नेऊ नका, आतला रक्तस्राव, फुटलेलं मूत्राशय, छाती-पोटामधला फाटलेला पडदा हे तासाभराने नाहीतर दुसऱ्या दिवशी कळतं. रात्री उघडा असणारा डॉक्टर कोणता हे आजच शोधून नंबर सेव्ह करा, आणि एकदा रात्री फोन लावून बघा, पाटीवर 24 तास लिहिलेलं असतं आणि फोन कोणी उचलत नाही. जखमी भटक्या कुत्र्याला उचलताना चावलं तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि रेबीजची लस घ्यायला त्याच दिवशी जा.

आता जे लोक रस्त्यावरच्या कुत्र्यांना खायला घालतात त्यांच्यासाठी, कारण त्या कुत्र्यांना आपण कड शिकवू शकत नाही पण कुठे उभं राहायचं ते आपल्या हातात आहे. त्यांना तुमच्या स्कूटरचा आवाज पाठ असतो आणि तो आला की ती चारी बाजूंनी धावत सुटतात, मध्ये काय येतंय ते न बघता. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत सोसायट्यांनी खायला घालायच्या जागा ठरवायच्या म्हटलंय, ती जागा ठरवताना भांडून घ्या पण मोठ्या रस्त्यापासून आतल्या बाजूला घ्या, आणि ज्या बाजूला कुत्री राहतात त्याच बाजूला. वेळ ट्रॅफिक सुरू व्हायच्या आधीची किंवा रात्री उशिराची. इंजिन लांबच बंद करा आणि चालत जा. पलीकडच्या फुटपाथवर उभं राहून "यू यू यू" करून बोलवणं आधी बंद करा. चमकणारे गळपट्टे घालणार असाल तर वाढत्या पिल्लांना घालू नका, मान वाढते आणि पट्टा तेवढाच राहतो, मोठ्या झालेल्या कुत्र्यांनाच घाला, इलॅस्टिकचे, आणि दोन-तीन महिन्यांनी तपासा.